ओळखीच्या मोटरपासून सुरुवात कर

पत्र

नमस्कार टीचर,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि गेली सहा-सात वर्षं पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. मोटर, स्टार्टर, पॅनल, केबल हे काम हातचं आहे. पण ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) किंवा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) बंद पडला की बाहेरून इंजिनिअर येतो आणि मी टॉर्च धरून बाजूला उभा राहतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स नीट शिकायचं मनात घेतलं आहे. घरची जबाबदारी असल्याने नोकरी सोडून कॉलेजला जाणं जमणार नाही. फुकट लेक्चर्स आहेत म्हणून आयआयटीची, अमेरिकेतली, हिंदीतली, मिळतील ती सेव्ह करून ठेवली. बघताना सगळं समजतं, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. गणित आलं की अडतो. माझी प्राथमिक शाळा मराठीत झाली. इंग्रजी कळतं, पण सर भरभर बोलायला लागले की सुटतं. आई म्हणते, रात्रभर मोबाईलच बघत असतोस. एके ठिकाणी ४५ हजारांचा कोर्स आहे, नोकरीची हमी देतात. तो करू का? आणि सव्विसाव्या वर्षी हे सुरू करायला उशीर तर झाला नाही ना?

— एक इलेक्ट्रिशियन, सत्तरी

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याला फार वेळ लागणार नाही. उशीर झालेला नाही. उलट ज्याने सहा-सात वर्षं पॅनलवर काम केलं आहे त्याच्याकडे जे आहे, ते मिळवायला माझ्या पॉलिटेक्निकच्या मुलांना नोकरी लागल्यावर पुढची कितीतरी वर्षं लागायची. कॉन्टॅक्टर ओढला गेला की नाही हे तुला आवाजावरून कळतं. मोटर गरम होते आहे हे तुझ्या नाकाला आधी कळतं. तू शून्यापासून सुरुवात करत नाहीस, हे आधी नीट ध्यानात घे, कारण पुढचा माझा सगळा सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

तू इलेक्ट्रॉनिक्सची लेक्चर्स पहिल्या धड्यापासून लावलीस, तिथे पी-एन जंक्शन आलं, इलेक्ट्रॉन आणि होल आले आणि तुझ्या ओळखीचं काहीच समोर राहिलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तू दुसऱ्या दाराने आत ये. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्राध्यापक एल. उमानंद यांची ‘बेसिक इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी’ नावाची मालिका एनपीटेलवर आहे. सर्किटचे नियम, फेजर, ट्रान्सफॉर्मर, डीसी मशीन, इंडक्शन मोटर असा तिचा प्रवास आहे. म्हणजे तू रोज ज्याला हात लावतोस तेच, पण आकड्यांत. एनपीटेल हा आयआयटींनी आणि बंगळूरच्या या संस्थेने मिळून २००३ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम. नोकरी करत शिकणाऱ्याच्या हाती याहून भरवशाचं काही फुकट लागेल असं मला वाटत नाही.

ओळखीचं दार म्हणजे काय ते एका उदाहरणावर दाखवते. मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार-डेल्टा स्टार्टर तू कितीदा जोडला असशील. समज, ७.५ किलोवॅटची मोटर आहे. पूर्ण लोडवर ती साधारण १५ अँपिअर घेते, आणि थेट डेल्टात चालू केली तर क्षणभर सहापट, म्हणजे ९० अँपिअरच्या घरात. तीच स्टारमध्ये सुरू केली की ३० अँपिअर. एक तृतीयांश का? निम्मं का नाही? आता वही घे. डेल्टात प्रत्येक वाइंडिंगवर पूर्ण ४१५ व्होल्ट येतात. स्टारमध्ये ४१५ भागिले वर्गमूळ ३, म्हणजे साधारण २४० व्होल्ट. व्होल्टेज १.७३ पट कमी झालं म्हणून वाइंडिंगमधला करंट १.७३ पट कमी झाला: ५२ चा ३०. पण डेल्टामध्ये लाइनचा करंट वाइंडिंगच्या करंटच्या १.७३ पट असतो, ५२ चे ९०, आणि स्टारमध्ये लाइन आणि वाइंडिंगचा करंट एकच, ३०. वर्गमूळ ३ दोनदा आलं, म्हणून तीन. आणि टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, म्हणून तोही एक तृतीयांशच होतो. भरलेला कन्व्हेअर स्टारमध्ये का हलत नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलं असशील. कारण आता तुझ्या वहीत आहे.

तुझं गणित अडतं ते इथेच, आणि सुटतंही इथेच. तुला सगळं गणित नको आहे. दोन अज्ञातांची समीकरणं, साइन-कोसाइनचा आलेख, ‘जे’ (j) हे अक्षर लावून लिहितात त्या संमिश्र संख्या, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग एवढी समज. इतक्यावर पहिलं वर्ष निघतं. ते शिकायला वेगळा गणिताचा कोर्स लावू नकोस. लेक्चरमध्ये जिथे अडशील तिथे थांब, खान अकॅडमीवर तेवढाच विषय बघ आणि परत ये. बारावीचं एनसीईआरटीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यातला तिसरा धडा डीसी सर्किटचा, सातवा एसीचा. हे दोन धडे उदाहरणांसकट सोडवलेस तर लेक्चरमधली निम्मी भीती जाईल.

आता ‘बघताना समजतं’ याबद्दल. ही अडचण तुझ्या एकट्याची नाही. २०१२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्स हा आपला विषय जगातल्या कोणालाही फुकट शिकता येईल असा खुला केला. शिकवत होते मूळचे मंगळूरचे आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अनंत अगरवाल. सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नाव घातलं. शेवटपर्यंत जाऊन उत्तीर्ण झाले ते ७ हजारांच्या थोडे वर. शिकवणारा उत्तम, साहित्य उत्तम, दाम शून्य, आणि तरीही शंभरातले पाचच पोचले. बाकीचे कमी हुशार होते असं मी मानत नाही. भजनाला रोज बसून पखवाज ऐकला म्हणून हाताला बोल येत नाहीत, तसंच आहे हे.

तेव्हा बघायची पद्धत बदल. सरांनी फळ्यावर सर्किट काढलं आणि प्रश्न मांडला की व्हिडिओ थांबव. पुढे काय लिहिणार ते आधी तू वहीत लिही. चुकलं तर चुकू दे, पण उत्तराचा आकडा येईपर्यंत प्ले दाबायचं नाही. मग पुढे जा आणि आपली ओळ त्यांच्या ओळीशी ताडून बघ. असं केलंस तर तासाभराचं लेक्चर दोन रात्री खाईल. खाऊ दे. आठवड्याला दोन लेक्चर्स अशी झाली तरी चवथीपासून शिगम्यापर्यंत एक अख्खी मालिका तुझ्या हाती लागेल. आईची तक्रारही यातून आपोआप मिटेल. अंथरुणात पडून मोबाईल बघणारा मुलगा आणि टेबलावर वही उघडून बसलेला मुलगा यातला फरक आईला सांगावा लागत नाही.

आणि सेव्ह करून ठेवलेली ती यादी पुसून टाक. मनापासून सांगते, पुसून टाक. एका सरांचं कठीण वाटलं की दुसऱ्याचं लावायचं, त्याचं लांबलं की तिसऱ्याचं, या फिरण्यात प्रत्येकाचे पहिले चार धडेच पुन्हापुन्हा होतात. प्रत्येकाची चिन्हं वेगळी, करंटच्या बाणाची दिशा वेगळी, क्रम वेगळा. एक मालिका धर आणि ती संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ नकोस. फक्त एखादा मुद्दा तीनदा ऐकूनही कळला नाही तरच तेवढ्यापुरतं दुसऱ्याचं बघ. निसो अकॅडमीची छोटी छोटी लेक्चर्स अशा वेळी कामी येतात.

उमानंद सरांची मालिका झाली की आयआयटी मद्रासचे टी. एस. नटराजन यांची ‘बेसिक इलेक्ट्रॉनिक्स’ घे. जुनं चित्रीकरण आहे, शिकवणं सावकाश आहे, डायोडपासून ऑप-अँपपर्यंत घाई न करता जातात. पुढे तुला जिथे पोचायचं आहे, म्हणजे ड्राइव्हच्या आत, तिथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लागेल, आणि त्यासाठी पुन्हा उमानंद सरांकडेच परत ये. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले बेहजाद रझावी यांची इलेक्ट्रॉनिक्सची लेक्चर्सही यूट्यूबवर आहेत आणि शिकवणं फार सुंदर आहे. पण ती ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरकडे, चिप बनवणाऱ्यांच्या जगाकडे नेतात. तुझा रस्ता तो नाही, निदान आज तरी नाही.

इंग्रजीचं सांगते. वेग पाऊणपट कर, खालची अक्षरं चालू ठेव. एनपीटेलच्या बऱ्याच कोर्सची लिखित प्रत मिळते, आणि काहींची मराठीतही. ती आधी वाचून मग लेक्चर ऐकलंस तर कान आपोआप तयार होतो. पुढे मायक्रोकंट्रोलरसाठी सी भाषा शिकायची वेळ येईल तेव्हा आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर ती मराठी आवाजात आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, ऐकत ऐकत आपणही टाइप करायचं. नेटवर्कची गत मला माहीत आहे. वाळपईला आलास की आठवड्याची लेक्चर्स उतरवून घे. एनपीटेलच्या संकेतस्थळावरून ती उतरवता येतात. घरी डीडी फ्री डिशची ताटली असेल तर स्वयंप्रभा वाहिन्यांवरही आयआयटीची लेक्चर्स लागतात आणि दिवसातून पुन्हापुन्हा दाखवली जातात. पण टीव्ही थांबवता येत नाही, म्हणून मी त्याला दुसरा नंबर देते.

लेक्चर फुकट मिळतं, प्रयोगशाळा मिळत नाही. ती तुला उभी करावी लागेल, आणि तिला हजार रुपयांच्या आत भागतं. एक ब्रेडबोर्ड, रेझिस्टरचं मिश्र पाकीट, थोडे एलईडी, दोन-चार कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, जोडतारा आणि एक साधा डिजिटल मीटर. म्हापशाला किंवा मडगावला सुट्या भागांच्या दुकानात हे सगळं मिळतं. पावसाळ्यात हे उघड्यावर ठेवू नकोस. सत्तरीच्या दमट हवेत ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या काळवंडतात आणि मग जोडणी बरोबर असूनही सर्किट चालत नाही. नवशिक्याला आपलंच चुकलं असं वाटत राहतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव.

आता पहिला प्रयोग देते. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोड आणि दोन टोकांना बॅटरी लाव. मध्यावर किती व्होल्ट? दोन्ही सारखे, म्हणजे ९ चे अर्धे, साडेचार. कोणतंही लेक्चर हेच सांगेल. आता मीटर लावून बघ. बाजारात मिळणारा अगदी स्वस्त मीटर घेतला असशील तर तो ३ च्या आसपास दाखवेल. थोडा बरा मीटर असेल तर ४.३ च्या जवळ. साडेचार कोणीच दाखवणार नाही.

लेक्चर चुकलेलं नाही, मीटरही बिघडलेला नाही. मीटर लावलास की तोही त्या सर्किटचा भाग होतो. स्वस्त मीटरच्या आत साधारण १ मेगाओहम असतात. ते तुझ्या खालच्या रेझिस्टरला समांतर गेले, तिथे अर्धा मेगाओहम उरला, वर मात्र १ तसाच. म्हणून ९ चा एक तृतीयांश, ३ व्होल्ट. बऱ्या मीटरच्या आत १० मेगाओहम असतात, तो सर्किटला कमी ओढतो, म्हणून ४.२९. आता रेझिस्टर बदलून १ किलोओहमचे लाव, दोन्ही मीटर साडेचार दाखवतील. लेक्चरमध्ये थेवेनिनचं प्रमेय, म्हणजे गुंतागुंतीचं सर्किट एक बॅटरी आणि एक रेझिस्टर असं मांडायची रीत, येईल तेव्हा बहुतेकांना ती एक कंटाळवाणी युक्ती वाटते. तुला तो आकडा आधीच भेटलेला असेल. आणि उद्या कारखान्यात सेन्सरची वायर काढून मोजली की २४ व्होल्ट दिसतात आणि जोडली की खाली येतात, तेव्हा कुठे शोधायचं हे तुला सुचेल.

इथे मात्र माझं एक ऐक, आणि हे टाळू नकोस. घरचा हा स्वस्त मीटर कारखान्याच्या पॅनलवर कधीही नेऊ नकोस. तिथे किमान कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटरच्या सुरक्षिततेचा दर्जा) असं छापलेला, चांगल्या प्रोब्सचा मीटरच हवा; तू हे जाणतोस, पण हाताशी असलं की माणूस वापरतो. घरचे प्रयोग बॅटरीवरच, २३० व्होल्टला हात नाही. व्हिडिओत कोणी मेन्सवर काही जोडून दाखवलं म्हणून ते करून बघायचं नाही. आणि ड्राइव्हचं कुतूहल कितीही असलं तरी तिचं झाकण उघडण्याआधी आत काय आहे ते वहीत काढ: आधी डायोड, जे ४१५ व्होल्टच्या तीन फेजचं डीसी करतात, मग मोठे कपॅसिटर, मग त्या डीसीचे तुकडे पाडून मोटरला हव्या त्या वारंवारितेचं एसी देणारे आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. त्या कपॅसिटरवर ५५० व्होल्टहून जास्त डीसी असतं आणि मेन स्विच पाडल्यावरही ते काही मिनिटं तसंच राहतं. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं. तेवढं थांबून, मोजून, मगच हात.

आता ४५ हजारांचा कोर्स. करू नकोस. नोकरी तुला आहेच. नोकरीची हमी विकत घ्यायची गरज ज्याला नाही त्याने ती का घ्यावी? तीन-चार महिन्यांत एम्बेडेड, पीएलसी, आयओटी असं सगळं शिकवतो म्हणणारा कोर्स पाया घालत नाही, वरचे बटण दाबायला शिकवतो. एक फुकट मालिका वही भरून पूर्ण कर. त्यानंतरही एखाद्या ठराविक कंपनीच्या पीएलसीवर बसून हात बसवायचा असेल तर तेवढ्यापुरता छोटा कोर्स करायला माझी हरकत नाही. तेव्हा काय विचारायचं आणि शिकवणाऱ्याला किती येतं हे तुला कळत असेल.

प्रमाणपत्राबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. एनपीटेलचे कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात, बहुतेक ८ किंवा १२ आठवड्यांचे. शिकणं आणि दर आठवड्याचा स्वाध्याय फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. स्वाध्यायाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. ते प्रमाणपत्र चांगलं आहे, पण ते डिप्लोमा नव्हे आणि त्यावर कोणी तुला इंजिनिअर नेमणार नाही. डिप्लोमाचा कागद हवाच असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. डिचोलीचं सरकारी पॉलिटेक्निक तुला जवळ पडतं, तिथे जाऊन चौकशी कर. पण आज त्याची घाई नको.

एक मात्र कर, सोबत शोध. एमआयटीच्या त्याच कोर्सवर पुढे अभ्यास झाला, तेव्हा ज्यांनी प्रत्यक्षात कोणाबरोबर तरी बसून, किंवा जाणकाराला विचारत काम केलं त्यांचे गुण एकट्याने करणाऱ्यांपेक्षा थोडे चढे निघाले. तुझ्या शिफ्टमध्ये असा एकजण नक्की असेल. आणि जाणकार तर तुझ्या समोरच येतो. तो बाहेरचा इंजिनिअर पुढच्या वेळी आला की टॉर्च धरच, पण काम संपल्यावर त्याला फॉल्ट कोड काय होता आणि त्याने आधी काय मोजलं, एवढे दोन प्रश्न विचार. कारखान्यात ड्राइव्हचं मॅन्युअल कपाटात पडलेलं असतं. साहेबांची परवानगी काढून त्यातलं फॉल्टचं प्रकरण फोटो काढून घे. सुरुवातीला त्यातलं एकच वाक्य कळेल. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला पोचशील तोवर ‘डीसी बस ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे त्या कपॅसिटरवरचं डीसी प्रमाणाबाहेर वाढल्याचा फॉल्ट, मोटर थांबवताना का येतो हे तू त्या इंजिनिअरच्या आधी सांगशील.

मीटर आणून तो १ मेगाओहमचा प्रयोग केलास की किती व्होल्ट आले ते मला कळव, मीटर कोणता होता तेही लिही. ३ आणि ४.३ च्या मधला काही वेगळाच आकडा आला तर बॅटरी आधी मोज, आणि रेझिस्टरवरचा शेवटचा पट्टा सोनेरी आहे की चंदेरी ते बघ. चंदेरी असेल तर १० टक्क्यांचा फरक त्यातच जातो.